‘रिव्हर्सिबल’ म्हणाले होते, मनीषा

ज्या आजारातून बहुतेक माणसं बरी होऊन घरी जातात, त्या आजाराने माझी जाऊ गेली.

आज वर्ष झालं. काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मनीषा. माझी धाकटी जाऊ. नाशिकला आमचं एकच घर. खाली आम्ही, वर ती आणि संदीप भाऊजी.

निफाडजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचं क्वालिटी चेकिंग करायची. एक्सपोर्टच्या सीझनमध्ये दिवसभर कोल्ड स्टोरेजच्या आत-बाहेर. नाक कायम चोंदलेलं.

एका रविवारी डोक्यावरून पाणी घेताना ओरडली. मी धावत वर गेले. बाथरूमच्या दारात डोकं गच्च धरून बसली होती.

"ताई, डोक्यात काहीतरी फुटलं."

तासाभरात थांबलं. सीटी स्कॅन नॉर्मल. मायग्रेन असेल, म्हणाले.

मंगळवारी पुन्हा तसंच. गुरुवारी खळखळून हसता हसता पुन्हा.

मग एमआरआय झाला. न्यूरोच्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं. मेंदूच्या नसा मण्यांच्या माळेसारख्या दिसत होत्या. मध्ये फुगलेल्या, मध्ये आवळलेल्या.

"घाबरू नका. हे रिव्हर्सिबल असतं. दोन-तीन महिन्यांत नसा बहुतेक पूर्ववत होतात. पण लक्ष ठेवावं लागेल. रक्त आणि मेंदूच्या मध्ये एक पडदा असतो, तो झिरपतोय. एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेला डाय जिथे जायला नको तिथे दिसतोय."

मनीषा म्हणाली, "म्हणजे माझं वॉटरप्रूफिंग गेलंय."

मॅडमही हसल्या.

मग त्यांनी विचारलं, "सर्दीचं काही औषध? नाकात टाकायचे ड्रॉप्स?"

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

ती बाटली मी दिली होती. माझ्या कपाटातली. "टाक गं, लगेच मोकळं होईल," असं म्हणून. तीन आठवडे टाकत होती.

"याने नसा आवळू शकतात. आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या.

बंद केले. गोळ्या सुरू झाल्या. सगळ्यांना ती फोनवर सांगत होती, "रिव्हर्सिबल आहे हो, काही नाही."

पाचव्या दिवशी सकाळी म्हणाली, "ताई, तुमचा अर्धाच चेहरा दिसतोय."

मग फिट आली. आयसीयू. मेंदूला सूज. चार दिवस.

गेली.

महिन्याभराने मी एकटीच मॅडमकडे गेले. त्यांनी शेवटचा स्कॅन काढला.

नसा बऱ्याच मोकळ्या झाल्या होत्या.

मी बघतच राहिले. "मग ती गेली कशी?"

"नसा सुटल्या, पण तोवर मेंदूचं नुकसान झालेलं होतं. क्वचित होतं असं."

"आधी काय बिघडलं? पडदा की नसा?"

"नक्की नाही सांगता येत."

"आणि ड्रॉप्स?"

"कारण असू शकतं. नसूही शकतं. कितीतरी लोक वापरतात, त्यांना काही होत नाही."

हो म्हणाल्या असत्या तर मी रडले असते. नाही म्हणाल्या असत्या तर झोपले असते. या उत्तराचं काय करू?

वर्षभर घरात कुणाशी याबद्दल बोलले नाही. गेल्या आठवड्यात वर जाऊन भाऊजींना सांगून टाकलं. बाटली माझी होती.

ते कपड्यांच्या घड्या घालत होते. हात थांबला नाही.

"माहितीये वहिनी. तिनेच सांगितलं होतं, दवाखान्यातून आल्यावर. म्हणाली, ताईंना एका शब्दानेही बोलायचं नाही."

"तुम्हाला राग नाही आला?"

"येतो. मग जातो. मग परत येतो."

एवढंच. खाली आले. भाजी टाकली.

हे इथे लिहावं की नाही, तेही कळत नव्हतं. लिहिलं.

मनीषा, तुझी माफी मागू की नुसती आठवण काढू, मला ठरवता येत नाही.

दोन्ही घे.

ये गं बाई. नमस्कार तुला.