चावरं पायताण

मला प्रेम पाहिजे होतं, आणि तेही तोंडानं बोलून दाखवलेलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी गारगोटीची, बी. ए. झालेली, मासिकांतल्या प्रेमकथा उशाशी घेऊन झोपणारी. लग्न मात्र ठरवून झालं, कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका कारकुनाशी. माणूस सालस, पण चार महिन्यांत ‘जेवलीस का?’ आणि ‘दार लावून घे’ यापलीकडं बोलणं नाही. एकदा सिनेमा बघून येताना मी मुद्दाम विचारलं, “कसा वाटला?” तर म्हणाले, “खुर्च्या बऱ्या होत्या.” आता काय डोकं आपटून घ्यायचं!

पहिला आखाड नव्या नवरीनं माहेरी काढायचा, महिनाभर नवऱ्याचं तोंड बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी निघाले ती लंगडतच. आठ दिवसांपूर्वी घेतलेलं नवंकोरं पायताण अंगठ्याला असं चावलं होतं, की फोड फुटून पाऊल टेकवेना. ते कोल्हापुरातच ठेवलं आणि जुन्या स्लिपरा घालून एस.टी.त बसले.

माहेरी चार दिवस बरे गेले. मग बरोबरीच्या मैत्रिणी जमल्या. कुणाच्या नवऱ्यानं काय म्हटलं, कुणी कसं लाडानं हाक मारली, सगळं ऐकून मी पेटले. त्याच दुपारी पत्र लिहून पेटीत टाकलं. ‘तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? असेल तर स्पष्ट लिहा. नसेल तर श्रावणात मी परत येणार नाही.’

रागाच्या भरात एक गोष्ट साफ विसरले. आमच्या घरात कुणाच्याही नावानं पत्र येवो, आबा, म्हणजे माझे वडील, चष्मा लावून पुढच्या सोप्यात बसायचे आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. पोस्टमननं उत्तर आणून दिलं तेव्हा ते आठवलं. ह्यांनी खरंच तसलं काही लिहिलं असलं तर? आणि खरं सांगू, लिहिलेलं असावं असंही वाटत होतं.

आबा वाचू लागले. “तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार. इकडील सर्व कुशल. तिचा अंगठा बरा झाला का, कळवावे. पायताणाचे काम चालू आहे, काळजी नसावी.” संपलं पत्र.

“बघ, किती जीव हाय जावयाचा!” आई म्हणाली.

मी परसात जाऊन रडले. मी विचारतेय काय, आणि हा बाबा चामड्याच्या गोष्टी करतोय! तेव्हाच ठरवलं, आबा पोचवायला येतील, त्यांच्याबरोबरच उलट्या पावली परत यायचं.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी आबांनी मला कोल्हापुरात आणलं. त्यांची परतीची गाडी चारची. मी ट्रंक दाराजवळच ठेवली, उघडली नाही. चहा घेऊन सासूबाई बाहेर आल्या त्या बोलतच.

“आलीस बाई, बरं झालं. सोडीव ह्याला एकदा! महिनाभर तुझं पायताण घालून हिंडतोय घरात, बाप्या माणूस! सकाळ-संध्याकाळ गोडंतेल चोळायचं आणि पाऊल कोंबायचं. टाच भाईर, निम्मं पाऊल आत. शेजारीण हसली, तर म्हणतोय कसा, हसू दे की.”

पायताण कोपऱ्यात होतं, तेलानं काळपट पडलेलं. मी पाय घातला. कुठं टोचलं नाही, कुठं काचलं नाही. इतक्यात हे आतून आले, लंगडत. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली.

“चावतंय का अजून?” त्यांनी विचारलं.

“माझ्या पत्राचं उत्तर कुठाय?” मी हळूच म्हणाले.

त्यांनी आबांकडं चोरून बघितलं. “तुझ्या घरात पत्र मोठ्यानं वाचत्यात, तूच सांगितलंवतंस की. काय लिवणार मी?” एवढं म्हणेपर्यंत त्यांचे कान लाल झाले.

मला माझीच लाज वाटली. महिनाभर मी ह्या माणसाला दगड म्हणत होते.

साडेतीन वाजले तसे आबा पिशवी घेऊन उठले. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, “सांभाळून जावा, आबा.” मग ट्रंक उचलून आत ठेवली, हळद आणि तेलाची वाटी घेऊन आले, ह्यांच्यापुढं फतकल मारून बसले आणि त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला.

“अगं, सोड! आई बघतीया!”

“बघू दे की,” मी म्हणाले, आणि चिंधी सोडायला लागले.