माह्या नावानं गेलेली पत्रिका

त्या दिवशी सकाळी मी पोरीले भरवून राहिली होती, एका हातात वाटी, एका हातात फोन, अन् अमरावतीच्या चुलत नणंदेच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली. पत्रिका आली तं मानूस उघडतेच. नाई उघडली तं उद्या तेच लोक म्हनतात, मोठी झाली आता, आमची पत्रिकाबी पाहत नाई. म्या बोट दाबलं. फोननं इंग्रजीत काहीबाही विचारलं, मी सगळ्याले हो हो करत गेली, आठवीपर्यंत शिकलेली मी, कोन वाचते ते. पत्रिका काई उघडली नाई. मले वाटलं नेट गेलं असन.

दुपारी आमचे हे दालमिलमधून मधातच घरी आले. दारातूनच म्हने, "तू कोनाचं लग्न पाठवलं वं सगळ्यायले?"

"मी कावून पाठवू? मलेच आलं ते."

"माह्या शेठले गेली तुही पत्रिका. मामाले गेली. ताईचा फोन आलता अमरावतीवरून, रडून राहिली, खातं रिकामं झालं तिचं. ती पत्रिका नाई, चोर हाय तो. फोनात घुसून बँकेचे मेसेज वाचते अन् पुढं सगळ्यायले जाते."

माह्या खात्यात काई नव्हतंच, म्हनून पयले मले हसू आलं. मंग ध्यानात आलं. सगळ्यायले गेली म्हनजे माह्या मायले बी गेली.

माय पातूरच्या पलीकडं खेड्यात एकटी राहते. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. म्हैस विकून तिनं ऑपरेशनचे पैसे बँकेत टाकलते, तेबी मीच सांगतलं होतं, घरात ठेवू नको म्हनून. अन् माह्या नंबरवरून आलेलं काई ती सोडत नाई. दिसत नाई तं शेजारच्या भाभीकडं फोन घेऊन जाते, माह्या नातीचा फोटो आला का पाय वं म्हनते.

माहा फोन आमच्या यायनं बंद करून टाकला, भाभीचा नंबर त्याच्यातच राहिला. मायचा नंबर तेवढा पाठ होता. यायच्या फोनवरून लावला तं घंटीच्या आधी ती सरकारी सूचनेवाली बाई बोलाले लागली, अनोळखी लिंक उघडू नका, सावध राहा. रोजचंच हाय ते, तिचं बोलनं चालू असते अन् इकडं माही फोडनी होऊन जाते. त्या दिवशी मी तिले म्हनलं, बाई, गप बस ना वं, मले बोलू दे. मंग घंटी वाजली, वाजतच राहिली. कोनी उचलला नाई. पुन्हा लावला, पुन्हा तिचं सारं आयकलं.

"तुमी पोलिसात जा," मी म्हनलं, "मी पातूरले जाते."

"पयले सिम काढजो तिचं. मेसेज आला नाई तं चोराले पैसे नेता येत नाई."

पोरगी काखेत घेऊन मी एसटीत बसली. बाजूची बाई फोनात पत्रिका उघडून राहिली होती. मी म्हनलं, "नका उघडू ताई, त्यात चोर असते."

"माह्या भाच्याचं लग्न हाय," ती म्हने, "अन् तुमाले काय करा लागते?"

मायच्या घराले कडी होती. भाभीच्या ओट्यावर दोघी डोकं जोडून बसल्या होत्या, मधात फोन. मी दुरूनच ओरडली, दाबू नका.

"दबा दिया बेटी," भाभी म्हने. "अब्बीच दबाया. खुलताच नहीं. तेरी माँ पूछ रई, शादी किसकी है."

मी धावत ओट्याजवळ गेली. सिम, सिम, एवढंच म्हनत राहिली. भाभीनं बांगडीतली पिन काढली अन् सिम बाहेर ओढलं.

पातूरच्या बँकेत साहेब आवरून राहिले होते. मी सारं एका दमात सांगतलं. त्यायनं बटनं दाबायले सुरुवात केली अन् माय खालीच बसली.

"गेले का वं?"

"पाहून राहिले."

"तोंड कसं दिसते त्यायचं? सांग मले."

मी पाहत होती, पन काय सांगू? साहेबाचं तोंड काईच बोलत नव्हतं.

"आहेत पैसे," शेवटी ते म्हनाले. "खातं बंद करून ठेवतो. पण सरकार इतकं सांगतंय, फोन लावला तरी सांगतात, ऐकत नाही का तुम्ही?"

"आयकतो साहेब," मी म्हनलं. "ते म्हनतात अनोळखी उघडू नका. हे तं ओळखीचंच होतं."

साहेबानं मायचा अंगठा घेतला अन् शटर ओढलं.

ऑपरेशन झालं मायचं. आता सुईत दोरा ओवते. पन मी पोरीचा फोटो पाठवला का उघडत नाई, आधी फोन करते. "तूच पाठवलं का?"

"हो वं माय."

"काय हाय त्यात, सांग."

मी सांगते, लाल फ्राक घातला, भिंतीले धरून उभी राहिली. ती हूं म्हनते अन् ठेवून देते. मंग मी इकडं फोन हातात धरून बसते, तिनं उघडल्याची निळी टिक उमटते का पाहत. कधी उमटते. कधी नाई उमटत.