आईचं संध्याकाळचं भांडण

आमच्या कामतघर वस्तीत माझ्या आईशी, कमळशी, भांडून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चारी बाजूंनी कापडाचे लूम खडखडत असताना जिचा आवाज त्यावर चढायचा, तिच्यापुढे कोण टिकणार? तिची धाकटी जाऊ हौसाकाकी शेजारीच राहायची आणि रोज संध्याकाळी नेमाने हरायची. कधी वाळत घातलेल्या जवळ्यावरून, कधी नळावरून.

२००६ साली भलतंच झालं. दिवस कलला की आईच्या पापण्या मिटायला लागत, आवाज नाकात जाई आणि चार शिव्यांत संपे. काकी जिंकू लागली. आधी तिने गल्लीभर मिरवलं, मग तिलाच ते गोड लागेना. ती सकाळी भांडायला येऊ लागली, कारण सकाळी आई ताजीतवानी असायची. एकदा जेवताना आईला घास चावेना, तेव्हा धावत जाऊन रिक्षा आणली ती काकीनेच.

मुंबईच्या डॉक्टरांनी मायस्थेनिया ग्रेव्हिस सांगितला. शरीरच आपल्या स्नायूंशी वैर धरतं, म्हणून ते वापरले की थकतात. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी काढली तर फरक पडेल. पण आवाज परतायला महिने लागतील, आणि परतेलच याची खात्री नाही.

"छाती फारणार?" काकीचा चेहरा उतरला.

"नाही. बरगड्यांमधून तीन छोटी छिद्रं. दुर्बिणीने करायचं," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन सुरळीत झालं. जीप करून पडघ्याहून आलेले पाहुणे मात्र खट्टू झाले. तीन चिकटपट्ट्यांपलीकडे बघायला काही नव्हतंच!

"येवरूसाच?" काकी म्हणाली. "कोंबरी कापाला पन यापेक्षा मोठी सुरी लागतं." डॉक्टरने फसवलं, असं तिचं ठाम मत झालं.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी येऊन कुरापत काढायची. दोन वाक्यांत आईचा आवाज बसायचा, आणि काकी "ऱ्हाऊ दे, उद्या बघू" म्हणत मुकाट घरी जायची. आजारी बाईला छळते म्हणून मला तिचा भयंकर राग यायचा.

दिवाळी गेली, शिमगा आला. एका संध्याकाळी काकीने आमच्या दारात खरकटं पाणी ओतलं. आई उठली. काकीच्या कालवणापासून सुरुवात करून ती तिच्या माहेरापर्यंत पोचली, तिथल्या तीन पिढ्या उद्धारल्या, तरी आवाज कुठे बसला नाही. शिफ्ट सुटलेले कामगार थांबून ऐकू लागले. काकीने तोंडाला पदर लावला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आई, पुरे आता," माझा भाऊ मनोज म्हणाला. "काकी रडते."

"तू गप ऱ्हा रे मेल्या!" काकी त्याच्यावर खेकसली. "बोलू दे तिला!"