येथे आंदणाची गादी भरून मिळणार नाही

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी चळवळीत. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि कंटाळा आला की कागद उलटून छापील बाजू वाचायची. ते गद्य कानात इतकं बसलं होतं, की 'आमची सहल' या निबंधाच्या शेवटीही मी शाळेपुढे मागण्या मांडल्या होत्या.

त्यामुळे कॉलेज संपल्यावर मैत्रिणीबरोबर गाद्यांचा कारखाना काढला, तेव्हा सगळ्यांत आधी मी जाहीरनामा लिहिला.

कारखाना म्हणजे केळापूरच्या रस्त्याला टिनाचं शेड, कापूस पिंजायचं एक जुनं यंत्र आणि आम्ही दोघी. मैत्रीण कापूस पिकवणाऱ्या घरातली. ती खोळ शिवायची, भरायची, दाभणाने टाके घालायची. माझ्याकडे यंत्र, विक्री आणि बोलणं. कापसाचे भाव पडलेले ते दिवस होते. शहरांतून गाड्या यायच्या आणि उतरलेली माणसं पाणी प्यायच्या आधी विचारायची, या गावात किती शेतकरी गेले? त्या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. या मातीत मरणाशिवाय दुसरंही काही पिकतं, हे मला त्यांच्या तोंडावर मारायचं होतं. म्हणून जाहीरनाम्यात लिहिलं : पाच वर्षांत जिल्ह्यातल्या प्रत्येक वसतिगृहात आणि दवाखान्यात आमची गादी असेल. शंभर बायांना काम मिळेल. इथला कापूस कच्चा बाहेर जाणार नाही.

मैत्रिणीने ते मोठ्याने वाचलं आणि हसायला लागली. "शंभर बाया? अवं, दोघीतच माहं कोपर तुले लागून राह्यलं."

"ध्येय मोठंच पाहिजे."

"असू दे नं बाप्पा. आज खोळीले कपडा कुठून आनू, ते सांग."

शेवटचं कलम मी दारावर पाटी करून लावलं. येथे आंदणाची गादी भरून मिळणार नाही. मुलीबरोबर पलंग, गादी, कपाट सगळं टेम्पोत रचून गावातून मिरवत न्यायचं, याची मला लहानपणापासून शिसारी होती. आमच्या कापसाने ती मिरवणूक सजवायची नव्हती.

पण आमच्याकडे नवी गादी माणूस एकदाच भरतो, पोरीच्या लग्नात. गिऱ्हाईक आलं की मी विचारायची, "लग्नासाठी आहे का?" एक काका चिडून म्हणाले, "लग्नासाठी नाही तं काय मयतासाठी नेऊ?" मैत्रीण खोळीत तोंड लपवून हसली. काका गेल्यावर मात्र म्हणाली, "हसली मी, पन तो मानूस खरं बोलून गेला." तरी ती माझ्याबरोबर राहिली. एका वसतिगृहाची ऑर्डर मिळाली, त्या दिवशी तिने भरलेल्या गाद्यांच्या थप्पीवर चढून भाषण ठोकलं, माझ्याच आवाजात, माझेच हातवारे करून. आयुष्यात मला कुणी इतक्या प्रेमाने चिडवलेलं नाही.

मग तिचं लग्न ठरलं, ढाणकीला. मुलगा बरा होता, तिला आवडला होता. आठवड्यातले चार दिवस कारखान्यात यायला त्याची हरकत नव्हती. सासूने फक्त पलंग-गादी मागितली. गादी फोमची, कंपनीची.

एका दुपारी ती पोतं घेऊन आली. "माह्या मायनं ठेवला हा," ती म्हणाली. "दरसाली पहिल्या वेचनीचा बाजूले काढते. भाव पडला, बाप वरडला, सारा कापूस गेला, पन हा तिनं इकू देला नाही. आपन अशी गादी भरू का सासू फोमचं नाव नाही घेनार. मी बोलली त्याइच्याशी, पाहून ठरवू म्हनते."

मी पोत्यात हात घातला. इतका स्वच्छ कापूस आमच्या शेडात कधी आला नव्हता.

"आंदणाची आहे," मी म्हणाले.

"माही हाये."

"म्हणूनच नाही. बाकीच्यांना आपण दारातून परत पाठवलं. तुझ्यासाठी पाटी काढली तर ती लावलीच कशाला?"

तिला वाटलं मी थट्टा करतेय. नंतर कळलं. आवाज न चढवता तिने विचारलं, "तुह्या त्या कागदात माही माय कोठं बसते, सांग मले."

तिने पोतं उचललं. मी दुसरी बाजू धरायला गेले, तर म्हणाली, "राहू दे."

लग्नात गादी फोमचीच होती. त्या गादीच्या पैशांसाठी मैत्रिणीच्या आईने तो कापूस विकला, आणि तो कच्चाच जिल्ह्याबाहेर गेला. टेम्पोत पलंगावर प्लास्टिक न काढलेली गादी उभी बांधली होती. मी अक्षता टाकल्या आणि न जेवता परतले.

ती चार दिवस यायची होती, ती आलीच नाही. मी निरोप पाठवले. एकटीने टाके घालून पाहिले. गादीत गोळे व्हायचे. वसतिगृहाने पुढची ऑर्डर दिली नाही. पुढे यंत्र विकलं.

पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली. परतताना बसस्टँडवर मी तिला गाठलं. तिच्या हातात चकल्यांचा डबा होता. आम्ही बाकावर बसलो, थोडं इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणाले, "परत सुरू करू. तू ये फक्त."

तिने बसकडे पाहिलं. "सासरी एक जन गादी भरून मागते. त्याच्या पोरीचं लगीन हाये. घेशीन ऑर्डर?"

एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर ती आली असती, असं मला तेव्हा वाटत होतं. पण डोळ्यांसमोर तो टेम्पो आला, तिच्या लग्नातला, आणि त्यातली ती प्लास्टिकमधली गादी.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान डोलवली. रागावली नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही.

"बरं केलं," ती म्हणाली. "हो म्हनली असती, तं मंग माहीच काहून नाही घेतली, असं इचारा लागलं असतं मले."

बस सुरू झाली. चकल्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवून ती धावत गेली. खिडकीची जागा मिळाली होती तिला. तिने हात केला नाही. पदर सावरून ती समोर बघत बसली.