दारात दोन शेजारी

कुलूपकाकूंच्या गुडघ्यांनी जिन्यांशी उभं वैर धरलं, तेव्हा सूनबाईने त्यांना वेबसाइट काढून दिली. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या कपाटाएवढ्या दुकानात काकूंचं आयुष्य किल्ल्या घासण्यात गेलं होतं. कुणी घराबाहेर अडकलं की हत्यारांची पिशवी उचलायची आणि निघायचं. आता त्या सांगायच्या आणि सूनबाई टाइप करायची: किल्ली आत तुटली तर काय करावं, गंजलेल्या कुलपाला तेल कुठून पाजावं. लोक वाचू लागले. पानांच्या कडेला जाहिराती झळकल्या, त्यांतून थोडंफार हाती पडू लागलं आणि वरच्या मजल्याचं बोलावणं आलं की काकू ऐटीत म्हणू लागल्या, "लिफ्ट असेल तर येते."

एके सकाळी जाहिरातींच्या जागा पांढऱ्याफटक पडल्या. सूनबाईने जाहिरात कंपनीचा मेल वाचला आणि तिचा आवाज खाली गेला. "आई, आपलं खातं थांबवलंय. मजकूर धोकादायक आहे म्हणे. दुसऱ्याच्या घरात शिरायला मदत करणारा."

"म्हणजे मी चोरांची शाळा काढलीय?"

"मग फी तरी घ्यायचीस," काका म्हणाले. जन्मभर बस चालवलेला माणूस, थट्टेशिवाय गिअर पडायचा नाही. पण या वेळी त्यांचं त्यांनाही हसू आलं नाही.

काकूंना लागलं ते वेगळंच. बंद घराची एक शांतता असते. आत खुर्च्या, भांडी, भिंतीवरचे फोटो श्वास रोखून बसलेले असतात. ती शांतता काकूंनी कितीदा मोडली होती, पण उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि आता कधी तोंड न पाहिलेली कंपनी त्यांना चोरांच्या रांगेत उभं करत होती.

सूनबाईने फेरविचाराची विनंती पाठवली: 'माझ्या सासूबाई अतिशय प्रामाणिक आहेत.' नकार पटकन आला.

"एवढ्यात वाचलं तरी कधी?" काकू म्हणाल्या.

मग सूनबाईने कंपनीच्या मदतमंचावर सगळं मांडलं. तिथे वेबसाइटवालेच एकमेकांच्या अडचणी सोडवतात. कुंडीतल्या झाडांवर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं. विषारी पानांच्या लेखापायी त्यांचंही खातं एकदा अडकलं होतं. 'तुम्ही प्रामाणिक आहात हे तुम्ही सांगताय,' त्यांनी लिहिलं, 'तुमची पानं सांगत नाहीत. दार उघडायला जाता तेव्हा काय काय करता? अगदी पहिल्यापासून सांगा.'

"सांगा आई, पहिल्यापासून."

"पहिल्यापासून काय? पिशवी खाली ठेवायची. बाजूची बेल वाजवायची. दोन शेजारी दारात उभे करायचे आणि विचारायचं, हे घर कुणाचं? बोलावणाऱ्याला विचारायचं, दार उघडल्यावर समोर काय दिसेल? एवढं जमलं तरच हत्यारं काढायची. आणि उघडल्यावर, घड्याळ म्हणाला होता आणि आरसा दिसला, तर दार परत लावायचं."

सूनबाईचे हात कीबोर्डवरच थांबले. "हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत!"

"यात सांगायचं काय? चहा करताना गॅस पेटव असं सांगतं का कुणी?"

झालं. सगळी पानं नव्याने लिहायला घेतली. प्रत्येक पान शेजाऱ्यांपासून सुरू झालं. परकं कुलूप फोडता येईल अशी दोन पानं काकूंनी स्वतःच काढून टाकली. "याच्यासाठी मला बोलवा म्हणावं. चढेन जिने." फोटोसाठी काका केस विंचरून स्वतःच्याच दारात उभे राहिले.

"मी कसला शेजारी? मी तर घरधनी!"

"पत्ते कुटत अर्धा दिवस शेजारीच तर असता. उभे राहा गुमान."

विनंती पुन्हा गेली. या खेपेला उत्तर यायला वेळ लागला. काकू किल्ल्या घासता घासता दर वेळी फोनकडे बघायच्या आणि बघितलंच नाही असं दाखवायच्या. शेवटी सूनबाई धावतच दुकानात आली, मागून धापा टाकत काका. "आई, माणसाने वाचलं! लिहिलंय, 'सुधारणा तपासल्या, खातं सुरू केलं आहे.' आणि शेजाऱ्यांची कल्पना आवडली म्हणे!"

"कल्पना कसली? रीत आहे ती," काकू म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा नव्या किल्लीसारखा लखलखला.

पान उघडलं. पहिलीच जाहिरात गुडघ्यांच्या तेलाची! काकांनी हौसेने बोट पुढे केलं.

"हात मागे!" दोघी एकदम ओरडल्या. स्वतःच्या जाहिरातीवर आपणच टिचकी मारली की खातं पुन्हा बंद.

हसू ओसरायच्या आत फोन वाजला. कुणीतरी बाहेर अडकलं होतं, किल्ली आत. "शेजारी आहेत ना घरात? करा उभे दारात. निघालेच." काकूंनी पिशवी खांद्याला लावली.

"लिफ्ट आहे का तिथे?" काकांनी विचारलं.

काकू रस्त्याला लागल्याही होत्या. "अगंबाई," त्या न थांबताच म्हणाल्या, "विचारायचंच राहिलं!"