चौथी तार

निवृत्तीनंतर लोक म्हणतात, "साहेब, एखादी केस सांगा ना." त्यांना खून-दरोडे हवे असतात. माझ्या मनातून मात्र भोपाळच्या टाउनशिपमधलं एक साधं प्रकरण जात नाही. त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता, तरी आठवलं की जीव जळतो.

अयोध्या नगरच्या बाजूची कारखान्याची वसाहत माझ्या ठाण्याच्या हद्दीत होती. एका सकाळी, शिपायांची हजेरी चालू असतानाच, कारखान्यातले एक मराठी तंत्रज्ञ ठाण्यात आले. त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. भोपाळमध्येच मिसरोदला राहणाऱ्या मुलाकडच्यांना खोट्या नावाने ई-मेल गेला होता : मुलीचं दुसरीकडे जमलेलं आहे, सावध राहा.

"कारखान्यातलाच कुणीतरी आहे साहेब," ते म्हणाले. "माझं प्रमोशन डोळ्यांत खुपलंय. त्याला सोडू नका."

संगणकाच्या बाबतीत तेव्हा माझी पाटी कोरी होती. सायबर शाखेतल्या उपनिरीक्षक बाईंनी माझी शिकवणी घेतली. घरातल्या दोन-चार संगणकांचं छोटं नेटवर्क वेगळं, कारखान्याच्या आवारातलं वेगळं, शहरभर पसरलेलं वेगळं आणि देश-परदेश जोडणारं आणखी वेगळं. मी आपला पोलिसी अर्थ लावला : घरातलं म्हणजे बीट, कारखान्याचं म्हणजे ठाणं, शहराचं म्हणजे कंट्रोल रूम आणि शेवटचं ते वायरलेस. बाई हसल्या. "चलेगा सर."

मेल कारखान्यातून गेलाच नव्हता. इंटरनेट कंपनीने कळवलेला पत्ता तक्रारदाराच्याच इमारतीतला निघाला. वरच्या मजल्यावर एक फोरमन राहत, त्यांच्या घरचं कनेक्शन. दोन्ही कुटुंबांचा इतका घरोबा, की मुलगी फोरमनना काका म्हणायची आणि अर्धं बालपण त्यांच्याच घरात खेळली होती.

काकांना चौकशीला बोलावलं.

"मेल तुम्ही पाठवला?"

"नाही."

"मग तुमच्या घरातून कुणी?"

"घरात आम्ही दोघंच. हिला संगणक चालूसुद्धा करता येत नाही."

"मग गेला कसा?"

"कनेक्शन माझ्या नावावर आहे साहेब. काय व्हायचं ते माझं होऊ द्या."

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हे गृहस्थ मोजकंच बोलत होते. कारखान्याने त्यांना चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि वसाहतीत कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याने पोटच्या पोरीसारख्या मुलीचं वाटोळं केलं. त्यांच्या बायकोने भाजीला खाली उतरणंही सोडलं.

बाईंना हे पटेना. "सर, कंपनीवाले सिर्फ दरवाज़ा बता सकते हैं. अंदर कौन बैठा था, ये तो हमें देखना पड़ेगा."

म्हणून आम्ही इमारतीपाशी गेलो. तिथे वसाहतीची रीत समजली. कनेक्शन एकाने घ्यायचं आणि खिडकीतून तारा सोडून शेजाऱ्यांनाही द्यायचं, विरजण द्यावं तितक्या सहज. सगळ्या घरांचं मिळून एकच छोटं नेटवर्क, आणि बाहेरच्या जगाला दिसायचा पत्ता फक्त काकांचा. असं वाटून घ्यायला कंपनीची बंदी होती, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

काकांच्या खिडकीतून तीन तारा तीन घरांत गेलेल्या होत्या. चौथीची जागा रिकामी होती. भिंतीवर नुसत्या क्लिपा उरल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यात रंग जरा उजळ होता. तार नुकतीच कुणीतरी ओढून काढली होती. क्लिपांच्या ओळीमागोमाग मी खाली आलो. त्या तक्रारदाराच्या खिडकीशी संपल्या.

मुलीला आईसमोर, बाईंनीच विचारलं. ती लगेच रडायला लागली.

"मला हे लग्न नको होतं. बाबांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. वाटलं, तिकडूनच नकार आला तर बरं. मेल कुणाचा ते कळतं, हे मला माहीत नव्हतं."

"आणि काका?"

"मी रोज ठरवायचे, आज सांगते. जमलंच नाही."

मी वर जाऊन काकांना गाठलं. "तार तुम्ही काढलीत?"

"हो. त्या मेलमध्ये घरातल्या दोन गोष्टी होत्या, बाहेरच्याला ठाऊक नसलेल्या. ऐकल्याबरोबर समजलं, हे तिचंच काम." मग ते हळूच म्हणाले, "साहेब, मी बदनाम झालो तरी निवृत्त होऊन गावी गेलो असतो. आता तिचा बाप तिला घरात ठेवणार नाही."

वडिलांनी तक्रार मागे घेतली. काका कामावर रुजू झाले. कागदोपत्री प्रकरण चोख निकाली निघालं आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

मी तपास केला तो योग्यच होता, एका निर्दोष माणसाची अब्रू त्यात वाचली. पण सत्य बाहेर काढलं की ते कुणाच्या हाती पडतं, त्यावर पोलिसाचा काही ताबा नसतो. या केसने मला शिकवलं ते एवढंच, आणि ते शिकून मला बरं वाटलेलं नाही.

महिन्याभरातच वसाहतीच्या सभागृहात त्या मुलीचं लग्न लागलं. नवरा मुलगा दुसराच, लांबच्या गावचा, वयाने बराच मोठा. मला आग्रहाचं आमंत्रण होतं. वडिलांनी दारातच माझे हात धरले. "साहेब, तुमच्यामुळे वेळीच कळलं हो." काका मांडवात नव्हते. मुलीने वाकून नमस्कार केला, तेव्हा मी आशीर्वादाला हात उचलला आणि जेवायला न थांबता बाहेर पडलो.