हिरामण सरांची उंच लाथ

हिरामणची लाथ कानापर्यंत जायची. स्वतःच्या नाही हो, समोरच्याच्या. सौसरच्या एका सरकारी कचेरीतला चपराशी, चौतिशीचा, दोन लेकरांचा बाप. पण पाय असा उचलायचा की बघणाऱ्याची मान अवघडावी. त्र्याऐंशी साली रजा टाकून तो नागपूरला एकवीस दिवसांच्या कराटे शिबिराला गेला, आणि येताना एक सर्टिफिकेट, एक पांढरा पट्टा आणि ही लाथ घेऊन आला.

मनोहर टेलरनं त्याला मांजरपाटाचा ड्रेस शिवून दिला. पहिल्याच लाथेला आसन टर्रकन फाटलं. मनोहर म्हणाला, "म्या पायजमा शिवला होता. तुमी त्यात आभाळ मोजून राहिले!" दुसऱ्या वेळी त्यानं तिहेरी शिलाई मारली, आणि गावाबाहेरच्या पटांगणात लिंबाखाली क्लास सुरू झाला. शेजारच्या रामाकोन्याहून पोरं सायकली हाणत यायला लागली. एकानं विचारलं, "सर, पांढुर्ण्याच्या गोटमारीत दगडं येतेत, तिथं ही किक चालते का?" हिरामणनं गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं, "दगड छातीच्या वरून आला पायजे."

खोटं कशाला बोला, हिरामणचा सगळा जीव त्या 'सर' शब्दात होता. कचेरीत तो हिरामण्या. हिरामण्या, पाणी आण. हिरामण्या, खुर्ची पूस. त्याचा बाप दादाराव जन्मभर दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात राबला आणि 'दादाऱ्या' म्हणूनच मेला. पण पंधरा ऑगस्टला हिरामणनं बांबूला टांगलेलं मडकं लाथेनं फोडून दाखवलं, तेव्हापासून कचेरीतले मोठे बाबू, वसंतबाबू, तेसुद्धा म्हणायला लागले, "सर, दोन चहा सांगा." चहा त्यालाच आणायचा होता, पण सर म्हणून. तेवढ्यावरही गडी फुगून जायचा.

त्याची बायको शकुंतला मात्र फुगली नाही. "हे लोकं तुमच्या लातीले सर म्हणून राहिले," ती म्हणायची, "तुमाले नाही."

"तुले काय समजते?" हिरामण म्हणायचा. पण ते वाक्य त्याला दिवसभर टोचत राहायचं.

आता भगवंतराव पैलवानाचं ऐका. साठीला टेकलेला, मोडक्या कानांचा, संत्र्याच्या बगिच्याचा मालक. पटांगणाच्या एका कोपऱ्यात त्याचा आखाडा होता, आणि तिथली पोरं एकेक करून लिंबाखाली सरकली होती. पुढच्या वर्षी म्हातारा एक दिवस भर बाजारात गरजला, "एक पाय वर गेला का माणूस अर्धा झाला! नागपंचमीले ये बे आखाड्यात, हिरामण्या. मी पडलो तं मीही तुले सर म्हणीन. तू पडला तं तुई दुकानदारी बंद."

भगवंतरावाच्या तोंडून सर! ज्याच्या बगिच्यात बाप राबला, त्याच्या तोंडून! हिरामणनं त्या दिवसापासून लिंबावर खडूनं रेघ ओढली, पैलवानाच्या कानाच्या उंचीवर, आणि महिनाभर त्या झाडाचा जीव खाल्ला.

नागपंचमीला अख्खं सौसर लोटलं. वसंतबाबू तर पुढं खुर्ची टाकून बसले. भगवंतरावानं मांडीवर थाप मारली. हिरामणनं जपानी पद्धतीनं कमरेत वाकून सलामी दिली. लोक हसले, कारण तो मातीत काही हरवलेलं शोधतोय असं त्यांना वाटलं. आणि मग, काय सांगू, लाथ उठली! रेघ चुकली नाही. टाच बरोबर भगवंतरावाच्या कानशिलावर बसली. पैलवान डोलला, एक गुडघा मातीला टेकला. अजून एक बसली असती तर खेळ खलास होता.

पण हिरामणच्या डोक्यात त्या क्षणी एकच आलं: अरे बापा, म्हाताऱ्याच्या डोक्याले पाय लागला!

त्याच्या मायनं, शांताबाईनं, त्याला चापटा मारमारून शिकवलं होतं. कोणाला पाय लागला की वाकायचं, त्याला हात लावायचा, आणि तो हात आपल्या छातीला न्यायचा. हे विसरायचं कसं, ते एकवीस दिवसांच्या शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं. हिरामण वाकला. हात पुढे केला. "माफ करजा, दादाजी—"

दादाजींनी तोच हात धरला आणि असा धोबीपछाड मारला की हिरामणला लिंबाचा शेंडा आणि वसंतबाबूंचे दात एकदमच दिसले.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा हिरामण्या झाला. पोरं आखाड्यात परतली. ड्रेसच्या उशीच्या खोळी झाल्या, तिहेरी शिलाईसकट. हिरामण पाठीला तेल चोळून घेत पालथा पडला होता आणि त्याला रडू येत होतं, पाठीमुळं नाही.

"लात बसली होती ना?" शकुंतलानं विचारलं.

"बसली होती."

"मंग वाकले कायले?"

"पाय लागला ना वं त्याईले."

तिचा हात थांबला. "आन् तुमाले कोणाचा पाय लागला, तं कोण वाकते?"

हिरामणनं तोंड उशीत खुपसलं.

आठ दिवसांनी तो कचेरीत खालच्या फळीवरच्या फायली बांधत उकिडवा बसला होता. वसंतबाबू मागून आले आणि त्यांचा बूट थेट त्याच्या दुखऱ्या कमरेत बसला. ते तसेच पुढं निघाले. "रस्त्यात काय बसून राहिला बे, हिरामण्या?"

हिरामण उठला आणि त्यांच्यापुढं दारात जाऊन उभा राहिला. सगळ्या बाबूंनी माना आत घेतल्या. शेजारच्या टेबलावरच्या गुणवंताबाबूंनी तर चहाचा गिलास उचलून छातीशी धरला. पण पाय काही उठला नाही.

"बाबू, तुमचा पाय लागला मले."

"मंग?"

"लागला."

बस, एवढंच. वसंतबाबू त्याच्या पायांकडे बघत राहिले. दोन्ही पाय फरशीवर होते आणि तिथून हलत नव्हते. कोणीच हसलं नाही. शेवटी वसंतबाबू वाकले, पोटानं वाकू दिलं तेवढे, हिरामणच्या दंडाला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला नेला.

"माफ करजा," ते पुटपुटले, "हिरामणजी."